गडावर अकरा जणी, बारावा बंड्या

चुलीवर भात ठेवून, नाहीतर पडवीत भाजी निवडत आमचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्या आयाबहिणींना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आज आम्ही एका दिवसाच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत. हसण्यासारखं तिच्यात पुष्कळ आहे. पण एक गोष्ट अशीही घडली की ती आम्ही लपवणार होतो. लपवली असती तर काय झालं असतं, ते आठवून आजही अंगावर काटा येतो. म्हणून ती सांगायचीच असं आम्ही बैठकीत ठरवलं. जिच्या बाबतीत ती घडली, तिनंही हो म्हटलं. नाव मात्र आम्ही घेणार नाही. तिला आपण वहिनी म्हणूया.

आम्ही खेड तालुक्यातल्या, डोंगराच्या अंगाच्या एका वाडीतल्या बाया. जगबुडी नदीच्या खोऱ्यात उभं राहून वर पाहिलं की एका रांगेत तीन गड दिसतात. दक्षिणेला रसाळगड, मध्ये सुमारगड आणि उत्तरेला महिपतगड. रसाळगड त्यांतला सगळ्यांत सोपा. लहानपणापासून आम्ही तो बघतोय. गुरांमागे, लाकडांसाठी त्या बाजूच्या रानात गेलोय. पण आमच्यातल्या निम्म्या जणी गडावर कधी चढल्याच नव्हत्या. मुंबईपुण्याची पोरं पाठीला पिशव्या लावून येतात, वर राहतात, फोटो काढून जातात, आणि आम्ही पायथ्याला राहून खालूनच हात जोडतो.

गडावर झोलाईचं आणि वाघजाईचं देऊळ आहे. झोलाई आपल्या खेडच्या भागात कितीतरी गावांची ग्रामदेवता. तेव्हा पौष महिन्यात, भातझोडणी उरकल्यावर, आम्ही घरी सांगितलं की देवीच्या दर्शनाला जातोय. हे खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की एक दिवस कुणाचं ताट न वाढता, डोक्यावर भारा न घेता, नुसतं चालायचं होतं. ते घरी कसं सांगायचं, हे एकीलाही सुचेना. देवीचं नाव घेतल्यावर कुणी अडवलं नाही.

पहाटे अंधारातच निघालो. अकरा जणी. वाडीच्या शेवटच्या घराशी आलो तर मागून बंड्या. बंड्या म्हणजे आमच्या वाडीतला कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला. तो कुणाचा म्हणाल तर कुणाचाच नाही, आणि भाकरीच्या वेळेला सगळ्यांचा. त्यातल्या त्यात वहिनीच्या मागच्या दारी त्याचा मुक्काम. हाकलला, दगड उचलल्यासारखं केलं, तो चार पावलं मागं जायचा आणि परत यायचा. शेवटी आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, “येऊ दे गो त्याला. धर्मराजाबरोबर पण कुत्राच गेला व्हता.” तेव्हा हसलो. धर्मराज पुढं परत आठवायची वेळ येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

चालायला लागल्यावर कळलं की आम्हांला भाऱ्याशिवाय चालताच येत नाही. हात कुठं ठेवायचे हेच समजेना. बंड्या मात्र हुशार. पुढं पळायचा, वळणावर थांबायचा, शेवटची बाई दिसली की परत पुढं. मध्ये एका झऱ्याशी पोटभर पाणी प्यायला आणि तिथंच ओल्या मातीत पसरला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकल्या की तो निवतो. म्हणून चढाला तो जास्त धापा टाकायला लागला, लाळ घट्ट झाली, पाय अडखळायला लागले, तर त्याला सावलीत बसवायचं, पाणी पाजायचं आणि पोटाला, पायाला पाणी लावायचं. दुपारच्या तापलेल्या कातळावर आपला उपडा हात ठेवून बघायचा. आपल्याला जेवढा चटका बसतो, तेवढाच त्याच्या तळव्यांना बसतो. त्याच्या पायात चप्पल नसते.

आणखी एक. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं भरपूर. दगडाखाली, सुक्या पाल्यात, कातळाच्या फटीत ते बसतं आणि मातीच्याच रंगाचं असतं. म्हणून हातात काठी घेऊन ती आपटत चालायचं, आणि चढताना न बघता कपारीत हात घालायचा नाही. कुत्रा पुढं नाक खुपसत जातो, तोही यात सापडू शकतो.

गडाच्या दरवाजातून आत शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वर मोकळं पठार. जिथं तिथं जुन्या तोफा पडलेल्या, पाण्याची टाकी, एका टोकाला दगडी कोठार. देवीची ओटी भरली. मग तटाशी उभं राहून खाली बघितलं. सगळं खोरं पायाशी होतं. आपली वाडी कुठली, शाळा कुठली, नळाची टाकी कुठली, हे शोधण्यात अर्धा तास गेला. पूर्वेला सह्याद्रीची मोठी भिंत. तिच्या पलीकडं जावळी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी घेतली तीच. पुस्तकात वाचलेली जावळी आपल्या शेजारची आहे, हे आमच्यातल्या सातवी शिकलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

देवळापासून लांब, सावली बघून जेवायला बसलो. भाकरी, लसणीची चटणी, कांदा, उकडलेली अंडी. बंड्याला कोरडी भाकरी आणि एक अंडं. कांदा, लसूण कुत्र्याला सोसत नाही, त्याचं रक्त त्यानं बिघडतं, म्हणून चटणीचा हात त्याच्या भाकरीला लावू नये. जेवल्यावर आम्ही काय केलं सांगू? झोपलो. भर दुपारी, उघड्यावर, पदर तोंडावर घेऊन अकरा बायका. आणि बंड्या मधोमध. असं शेवटचं कधी झोपलो होतो, आठवेना.

तीन वाजता उतरायला लागलो. रानात बिबट्या आहे, आणि कुत्रा म्हणजे त्याचं आवडतं खाणं. म्हणून कुत्रा बरोबर असेल तर दिवेलागणीच्या कितीतरी आधी खाली यायचं. हे आम्ही पाळलं. पण दुसरं एक पाळलं नव्हतं. बंड्याच्या गळ्यात दावं नव्हतं.

वाटेत एका वस्तीजवळ आलो आणि तिथले तीन कुत्रे बंड्यावर धावले. त्यांची हद्द, हा परका. एकदम गोळा झाला. केकाटणं, गुरगुरणं, धूळ. आम्ही ओरडायला लागलो आणि वहिनी पुढं झाली. रोज तिच्या हातची भाकरी खातो तो. तिनं मध्ये हात घातला.

मैत्रिणींनो, भांडणाऱ्या कुत्र्यांमध्ये हात कधी घालू नका. पाणी मारा, काठी आपटा, पत्रा वाजवा, लांबून गोणपाट टाका. त्या वेळी कुत्र्याला आपलं परकं कळत नाही. कुणी चावलं ते आम्हांलाही कळलं नाही. त्या तिघांपैकी एक असेल, नाहीतर बंड्याच असेल. हात बाहेर आला तेव्हा मनगटाच्या वर दोन दात रुतले होते आणि रक्त येत होतं.

वहिनीनं हातावर पदर ओढला. म्हणाली, “काय नाय झाला. चला.” दहा पावलं चालली आणि थांबली. “घरी सांगू नका हां. माझी शप्पथ हाय.”

का सांगू नका, हे तिनं सांगायची गरज नव्हती. तुम्हांलाही नाही. घरी कळलं की सासू म्हणणार, देवीला गेला होतात की गावभर हुंदडायला? नवरा म्हणणार, आता पुरे झालं तुमचं गटबिट. आणि एका घरात बोललं गेलं की दहा घरांत बोललं जातं. पुढची सहल गेली. कदाचित महिन्याच्या बैठकीला जाणंही गेलं. हे सगळं आमच्या दहाही जणींच्या डोक्यात एकाच वेळी आलं. आणि आम्ही गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं आम्हांलाही वाटलं की बरं, नको सांगायला. जखम तर बारीकच आहे. त्या दोन मिनिटांची आम्हांला आजही लाज वाटते.

बोलल्या त्या थोरल्या काकी. त्या वाटेतच खाली बसल्या आणि त्यांनी त्यांच्या माहेरची गोष्ट सांगितली. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा. पिलाशी खेळताना त्याला दात लागला. मार बसेल म्हणून त्यानं घरी सांगितलं नाही. पिलू मेलं, कुणी लक्ष दिलं नाही. दोन महिन्यांनी मुलाला ताप आला, हाताला मुंग्या आल्या आणि पाण्याचा पेला पुढं केला की तो थरथर कापायला लागला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. पाचव्या दिवशी मुलगा गेला. काकी म्हणाल्या, “तो पोरगा मार चुकवायला गेला. तू काय चुकवायला चाललीस?”

त्यावर वहिनी रडायला लागली, आणि आम्ही हललो.

तिथल्याच एका घरात गेलो. त्या घरच्या ताईनं काही न विचारता साबण दिला आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतायला लागली. मोबाईलवर वेळ लावून पंधरा मिनिटं आम्ही ती जखम धुतली. पंधरा मिनिटं किती लांब असतात, धुतल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत वाटतं झालं. तसं नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत उतरतो. साबण आणि वाहतं पाणी त्याला तिथंच बरंचसं मारतं आणि वाहवून नेतं. एकीनं हळद आणा म्हटलं, एकीनं चुना. आम्ही आमच्या आशाताईंना फोन लावला. त्या ओरडल्याच. हळद नको, चुना नको, मिरची, तेल, तंबाखू काही नको, घट्ट बांधू नका, धुवा आणि आजच्या आज दवाखान्यात आणा.

वस्तीतल्या एका दादाच्या रिक्षेनं वहिनीबरोबर तिघी सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलंय, तेच वाचून दाखवतो.

कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस, कुणीही चावलं किंवा ओरबाडलं, तर लस घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचा काळ कधीच गेला, त्याला भिऊन घरी बसू नका. आता दंडाला देतात. पहिलं इंजेक्शन ज्या दिवशी, तो शून्य दिवस. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी दुसऱ्या पद्धतीनं देतात, त्यात चौदाव्या दिवशी आणखी एक असतं. डॉक्टर सांगतील तसं घ्यायचं, पण एकही चुकवायचं नाही. रक्त येण्यासारखी जखम असेल तर लसीशिवाय जखमेत आणि जखमेभोवती सीरमचंही इंजेक्शन लागतं, कारण लसीची ताकद अंगात यायला दिवस लागतात, सीरम लगेच कामाला लागतं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई, तान्हं मूल, सगळ्यांना ही लस चालते. एकदा रोगाची लक्षणं दिसली की मग माणूस वाचत नाही असंच समजा. लक्षणं दिसायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून आज बरं वाटतंय याला काही अर्थ नाही.

फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अशी लस टोचली आणि तो वाचला. त्याला कुत्रा चावला तेव्हा त्याच्या आईनं त्याला उचलून दूरच्या गावाहून पॅरिसला नेलं होतं. आपल्याला तर तालुक्यापर्यंतच जायचं असतं.

त्या रात्री आम्ही अकराही जणी वहिनीच्या घरी एकत्र गेलो. एकटीनं तिला सांगायला लावायचं नाही, हे रिक्षेतच ठरलं होतं. सगळं सांगितलं. देवीला गेलो तेही आणि नुसतं चालायला गेलो तेही. सासूबाई चिडल्या. कुत्रा घेऊन कशाला गेलात, वय काय तुमचं, असं बरंच बोलल्या. आम्ही ऐकून घेतलं. घरधनी काही न बोलता बाहेर जाऊन बसले. चार दिवस त्या घरात गटाचं नाव काढायची सोय नव्हती. पण तिसऱ्या दिवसाच्या इंजेक्शनला वहिनी निघाली, तेव्हा सासूबाई डोक्यावर पदर घेऊन एसटीच्या थांब्यावर तिच्या आधी उभ्या होत्या. का आलात, असं वहिनीनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता बंड्याचं. वाडीतल्या काही जणांचं म्हणणं पडलं की त्याला मारून टाका, कटकट नको. पण चावलेला कुत्रा मारायचा नसतो. त्याला दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची असते. तो दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतं. मारला तर कळायची वाटच बंद. अर्थात दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं मात्र करायचं नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची.

बांधायचा कुणी, यावरून परत वाद. तेव्हा काकी दुसऱ्यांदा बोलल्या. “धर्मराजासमोर इंद्राचा रथ उभा, तरी तो म्हणाला, कुत्र्याला टाकून मी स्वर्गात यायचा नाय. तुम्हांला दहा दिस दावं धरवत नाय?” मग गटातल्या घरांनी पाळी लावली. लांबून भाकरी सरकवायची, लांबून पाणी, पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही. त्या वस्तीतल्या ताईला फोन करून तिच्याकडच्या तीन कुत्र्यांचीही खबर घेत होतो. दहाव्या दिवशी बंड्याही ठणठणीत आणि ते तिघेही. वहिनीनं डॉक्टरांनी सांगितलेली सगळी इंजेक्शनं पुरी केली. ती आज इथं आमच्या शेजारी बसली आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही वाडीतल्या कुत्र्यांची यादी केली. मोजल्याशिवाय कळत नाही. पाच-सहा असतील असं वाटलं होतं, भरले चौदा. एकालाही लस दिलेली नव्हती. दोष कुणाला द्यायचा? भाकरी सगळ्यांनी घातली होती आणि मालक कुणीच नव्हता. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बोललो, दिवस ठरवला. पोरांनी दावी धरली, आम्ही भाकरीचं आमिष दाखवलं, आणि चौदातले अकरा सापडले. उरलेले तीन पुढच्या महिन्यात. पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दर वर्षी एक. आता आमच्या वहीत कर्जाच्या पानामागं एक पान कुत्र्यांचं आहे. शेजारचं गोवा राज्य अशाच मार्गानं, गावोगाव कुत्र्यांना लस टोचून आणि शाळेत पोरांना शिकवून, २०२१ साली रेबीजनियंत्रित म्हणून जाहीर झालं. तेही कोकणच आहे, आपणही कोकणच.

येत्या पौषात आम्ही परत रसाळगडावर जाणार आहोत. या वेळी घरी सांगितलंय की दर्शनाला जातोय आणि चालायलाही जातोय. दोन घरांतून अजून होकार नाही, आम्ही विचारत आहोत. बंड्याला न्यायचं की नाही यावर गटात एकमत नाही. चौघी म्हणतात नको, बाकीच्या म्हणतात दाव्याला धरून न्यायचा. काकी म्हणतात, तुम्ही ठरवा, तो कुठं विचारून येतो.

तुम्हांला आमचं एवढंच सांगणं आहे. तुमच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विचारा. आपल्या वाडीत कुत्रे किती आणि लस कितींना? आणि दुसरं, हळू आवाजात विचारा. कुणाला काही चावलंय, लागलंय, आणि बोलणी बसतील म्हणून तिनं ते घरी सांगितलेलं नाही, अशी कुणी आहे का? असेल तर तिला एकटीला घरी पाठवू नका. सगळ्या मिळून जा.

पिशवीत साबणाची एक वडी मात्र आता कायम असते आमच्या. तुम्हीही ठेवा. नमस्कार.